जीसीपीचे प्रमाणपत्र आणि संमतीपत्राची भाषा

गेल्या महिन्यात माझ्या जीसीपी प्रमाणपत्राची तीन वर्षांची मुदत संपली आणि मी पुन्हा परीक्षा देऊन ते नवे करून घेतले. जीसीपी म्हणजे गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, अर्थात माणसांवर औषधांच्या चाचण्या कशा कराव्यात यासंबंधीची सर्वमान्य मानके. ही परीक्षा सहसा डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर आणि औषध कंपन्यांतील कर्मचारी देतात. मी यांपैकी कोणीच नाही. इंदूरच्या एका शाळेत मी बत्तीस वर्षे मराठी आणि संस्कृत शिकवले, आणि निवृत्तीनंतर येथील एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर सामान्य नागरिक या नात्याने सदस्य झाले. हे प्रमाणपत्र मला का घ्यावे लागले, ते घेताना काय कळले आणि त्यात काय मिळत नाही, हे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

२०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार औषधांच्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य असावे लागतात. अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असावा लागतो, निम्मे सदस्य संस्थेशी संबंध नसलेले असावे लागतात, आणि त्यांत एक तरी स्त्री, एक कायदेतज्ज्ञ आणि एक सामान्य व्यक्ती असणे बंधनकारक असते. बैठकीच्या गणसंख्येसाठी जे पाच जण लागतात त्यांतही ही सामान्य व्यक्ती मोजली जाते, म्हणजे ती गैरहजर असेल तर बाकीचे कितीही विद्वान जमले तरी चाचणीला मंजुरी देता येत नाही. हे मला प्रथम सांगितले गेले तेव्हा मी संकोचले होते. जिला औषधशास्त्राचा गंध नाही तिच्यावाचून डॉक्टरांचा निर्णय अडावा, हे मला पटत नव्हते. पुढे नियम वाचताना लक्षात आले की हे स्थान अज्ञानासाठी राखलेले नाही. सदस्यांनी ठरवून दिलेले प्रशिक्षण पूर्ण केलेच पाहिजे आणि जो ते पूर्ण करणार नाही तो सदस्य राहण्यास अपात्र ठरतो, असे त्याच नियमांत म्हटले आहे. सामान्य व्यक्तीने रुग्णाच्या बाजूने प्रश्न विचारायचे, पण ते विचारण्यासाठी लागणारी तयारी करूनच बैठकीला यायचे.

इंदूरमध्ये राहणाऱ्या माणसाने तर ही तयारी करायलाच हवी असे मला वाटते, कारण या विषयाचा देशातला अलीकडचा इतिहास आमच्या शहराला वगळून लिहिता येत नाही. येथीलच स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि देशभरातील चाचण्यांवरची देखरेख किती अपुरी आहे हा प्रश्न न्यायालयापुढे आणला. ती सुनावणी चालू असतानाच, २०१३ च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत, जुन्या औषध नियमांत तीन महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या: चाचणीमुळे इजा किंवा मृत्यू झाल्यास नुकसानभरपाई, चाचणीच्या परवानगीच्या अटी आणि एथिक्स कमिट्यांची सक्तीची नोंदणी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने संमती घेण्याच्या प्रक्रियेचे दृक्-श्राव्य चित्रण करण्याविषयी आदेश दिले. ही सारी वर्षे मी याच शहरात शाळेत जाऊन-येऊन होते, वर्तमानपत्रातले मथळे वाचत होते आणि पान उलटत होते. रामबागेतल्या आमच्या घरापासून ही रुग्णालये रिक्षाने जाण्याइतकी जवळ, पण त्यांच्या वॉर्डांत कोणत्या कागदांवर सह्या होतात हे जाणून घ्यावे असे मला तेव्हा सुचले नाही, याची खंत आहे.

प्रमाणपत्रासाठी मी प्रथम अमेरिकेच्या राष्ट्रीय मादकद्रव्य संशोधन संस्थेच्या चाचणी-जाळ्याने तयार केलेला, बारा प्रकरणांचा, घरबसल्या करता येणारा विनामूल्य अभ्यासक्रम केला, आणि त्यानंतर येथे भारतीय नियमांवर झालेल्या एका कार्यशाळेला बसले. पहिला अभ्यासक्रम इंग्रजीत आहे. माझे इंग्रजी शिक्षिकेचे असले तरी त्यातले शब्द माझ्या वाचनात कधीच आले नव्हते, म्हणून मी शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक संज्ञेपुढे माझ्या शब्दांत तिचा अर्थ लिहीत गेले. वहीच्या पहिल्याच पानावर जे वाक्य मी अधोरेखित केले ते असे की, चाचणीत सहभागी होणाऱ्या माणसाचे हक्क, सुरक्षितता आणि हित यांना विज्ञानाच्या आणि समाजाच्या हितापेक्षा वरचे स्थान आहे. १९९६ साली आयसीएच या, निरनिराळ्या देशांतील औषधविषयक नियमांत एकवाक्यता आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मान्य केलेल्या ई६ या मार्गदर्शिकेच्या तेरा तत्त्वांपैकी हे एक. या मार्गदर्शिकेचे दोन हेतू आहेत, सहभागी माणसाचे रक्षण आणि जमवलेल्या माहितीची विश्वासार्हता, आणि ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. ज्या चाचणीची नोंदच खोटी किंवा ढिसाळ आहे तिच्यात माणसाला जोखमीत घालण्याचे काही कारणच उरत नाही.

नोंदींचा भाग मला अनपेक्षितपणे ओळखीचा वाटला. सोर्स डॉक्युमेंटमधली, म्हणजे सहभागी माणसाची माहिती प्रथम जिथे लिहिली जाते त्या कागदातली, प्रत्येक नोंद कोणी केली ते कळले पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, घटना घडली त्याच वेळी केलेली असली पाहिजे, मूळ असली पाहिजे आणि अचूक असली पाहिजे. चुकल्यास त्यावर पांढरी शाई फासायची नाही. खालचे अक्षर दिसेल अशी एकच रेघ मारायची, शेजारी योग्य मजकूर, सही आणि तारीख लिहायची, आणि आवश्यक असल्यास कारणही द्यायचे. शाळेच्या हजेरीपटाचा नियम यापेक्षा निराळा नव्हता. संध्याकाळी आठवून आठवून भरलेला हजेरीपट आणि घंटा झाल्यावर वर्गात उभे राहून भरलेला हजेरीपट यांतला फरक मुख्याध्यापकांना नुसत्या शाईवरून कळत असे. चाचणीची नोंद तपासायला येणारा मॉनिटरही तेच शोधत असतो: सलग दहा दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या तर दिसत नाहीत ना.

संमतीपत्राच्या प्रकरणाने मात्र माझी अर्धी वही भरली, आणि आजही कमिटीत माझा बहुतेक वेळ त्यावरच जातो. आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांत खरगोन, बडवानी, धारहून येणारे निमाडी आणि भिली बोलणारे लोक असतात, आसपासचे माळवी बोलणारे असतात, आणि बुऱ्हाणपूरकडून येणारी किंवा पिढ्यान्‌पिढ्या इंदुरातच राहिलेली मराठी माणसेही असतात. माहितीपत्रके मूळ इंग्रजीत तयार होतात, मग त्यांची हिंदी आणि मराठी भाषांतरे होतात, आणि मराठी भाषांतर बहुधा दूरच्या एखाद्या शहरातून पुस्तकी भाषेत करून आलेले असते. माझ्यापुढे आलेल्या पहिल्याच मराठी संमतीपत्रात ‘यादृच्छिकीकरण’ हा शब्द चार वेळा होता; कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवणे, असा त्याचा अर्थ. बत्तीस वर्षे मराठी शिकवलेल्या बाईला तो दोनदा वाचावा लागला, तर ‘मला चक्कर येऊन राहिली आहे’ असे सांगणाऱ्या आमच्याकडच्या आजींनी त्याचे काय करावे?

सोपा शब्द शोधणे हे नुसते भाषेचे काम नाही, हे हळूहळू कळले. ‘नाणेफेक केल्यासारखे’ असे समजावून सांगणे सोपे आहे, पण ते दोन्ही गटांत सारखीच माणसे जाणार असतील तेव्हाच खरे. दर तिघांतल्या दोघांना चाचणीचे औषध मिळणार असेल तर तसे स्पष्ट लिहावे लागते. प्लासिबोला एका भाषांतरकाराने ‘खोटी गोळी’ म्हटले होते. त्यावर मी हरकत घेतली, कारण मराठीत ‘खोटी’ म्हटले की फसवणूक ऐकू येते, आणि ज्या माणसाला आपण सगळे खरे सांगतो आहोत त्याला पहिल्याच पानावर तसे ऐकू येता कामा नये. ‘दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी’ असे लांबलचक का होईना, लिहिले गेले. ‘नवीन औषध’ हा शब्दप्रयोग तर मला सर्वांत घातक वाटतो. आपल्या कानांना नवे म्हणजे अधिक चांगले असेच वाटते. त्याऐवजी ‘ज्याचा गुण आणि धोके अजून पुरते ठाऊक नाहीत असे औषध’ असे लिहावे, असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला. ‘संशोधन’ आणि ‘उपचार’ हे शब्द एकाच परिच्छेदात एकमेकांच्या जागी वापरलेले आढळले की मी तो परिच्छेद परत पाठवते, कारण डॉक्टर आपल्यावर उपचारच करीत आहेत असे समजून चाचणीत आलेल्या माणसाने खऱ्या अर्थाने संमती दिलेलीच नसते.

‘माघार’ हाही असाच शब्द. सहभागी व्यक्तीला कोणत्याही क्षणी, कारण न देता आणि नेहमीच्या उपचारांवर परिणाम न होता चाचणी सोडता येते, हा तिचा हक्क आहे. पण ‘आपण माघार घेऊ शकता’ असे लिहिले की त्यात हरल्याची, दिलेला शब्द मोडल्याची छटा येते, आणि आपल्याकडची साधी माणसे डॉक्टरांना दिलेला शब्द मोडायला फार कचरतात. आता आमच्या मराठी पत्रकांत ‘मधूनच सोडता येईल, डॉक्टर रागावणार नाहीत, तुमचे नेहमीचे उपचार चालू राहतील’ असे असते. रक्त १५ मिलिलीटर घेतले जाईल असे लिहून त्यापुढे ‘म्हणजे चहाचे तीन चमचे’ असेही लिहिलेले असते.

आणखी एक गोष्ट कोणत्याही परदेशी अभ्यासक्रमात सापडणार नाही. आपल्याकडे रुग्णालयात सही मागितली की लोक असे समजतात की आता काही बरेवाईट झाले तर रुग्णालयावर जबाबदारी नाही, असे आपण लिहून देत आहोत. शस्त्रक्रियेपूर्वीच्या सह्यांनी ही समजूत घराघरांत पक्की केली आहे. चाचणीच्या संमतीपत्राचा अर्थ याच्या नेमका उलट आहे. सहभागी व्यक्तीने आपला कोणताही कायदेशीर हक्क सोडला असे वाटेल असा मजकूर त्यात असूच शकत नाही. चाचणीदरम्यान इजा झाली तर आवश्यक तोवर, किंवा त्या इजेचा चाचणीशी संबंध नाही असे सिद्ध होईतो, मोफत उपचार मिळण्याचा हक्क त्याच पत्रकात नोंदवलेला असतो, आणि माहितीपत्रकाची व संमतीपत्राची प्रत सहभागी व्यक्तीला घरी न्यायला द्यावीच लागते. वाचता न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत संमतीची संपूर्ण चर्चा होईतो निःपक्षपाती साक्षीदार हजर असावा लागतो; केवळ अंगठा उमटवताना बोलावून घेतलेला वॉर्डबॉय त्या जागी चालत नाही. ‘साक्षीदार’ शब्दाने कोर्टकचेरी आठवून काही नातेवाईक दचकतात, म्हणून तो कशासाठी आहे हेही आधी सांगावे लागते.

एका संमतीपत्राची भाषा समजते का हे पाहण्यासाठी ते शेजारच्या काकूंना वाचून दाखवावे, असा मोह मला सुरुवातीला झाला होता. कागद हातात घेऊन मी दारापर्यंत गेलेही होते. पण कमिटीपुढची कागदपत्रे गोपनीय असतात आणि तशा करारावर मी सही केलेली होती. मी परत फिरले, औषधाचे आणि आजाराचे नाव नसलेला, तसाच पण माझा स्वतःचा एक उतारा लिहिला आणि तो काकूंना वाचून दाखवला. ‘म्हणजे मला औषध मिळेल की नाही, हे डॉक्टरांनाही माहीत नसणार?’ असे त्यांनी विचारले. त्यांना कळले होते. तो उतारा अजून माझ्या वहीत आहे.

हे सर्व आठवण्याचे निमित्त म्हणजे माझी एक जुनी विद्यार्थिनी. तिने येथूनच बी. फार्म. केले आहे, आणि चाचणी केंद्रात कोऑर्डिनेटर, म्हणजे रुग्णांशी बोलून चाचणीचे रोजचे काम सांभाळणारी, व्हायची तिची इच्छा आहे. ‘बाई, जीसीपीचे कोणते सर्टिफिकेट घेतले की नोकरी मिळेल?’ असे तिने फोनवर विचारले. एका खाजगी वर्गाने तिला भरमसाट शुल्क सांगून ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त जीसीपी पदवी’ देण्याचे आश्वासन दिले होते. असे वर्ग बरेच आहेत आणि त्यांची जाहिरात मुलांच्या अनिश्चिततेवर चालते, म्हणून मी तिला जे सांगितले ते येथेही लिहिते.

जीसीपीचे प्रशिक्षण-प्रमाणपत्र आणि व्यावसायिक प्रमाणन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले काही तासांत मिळते, अनेक ठिकाणी विनामूल्य मिळते, आणि त्याने एवढेच सिद्ध होते की तुम्ही नियम वाचले आणि प्रश्नांची उत्तरे दिली. चाचणी केंद्रात पाऊल ठेवण्यापूर्वी ते आवश्यक असते. तुमच्या प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम मोठ्या औषध कंपन्यांच्या ट्रान्ससेलरेट या समूहाने ठरवलेल्या किमान निकषांत बसत असेल तर प्रत्येक प्रायोजकासाठी, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीसाठी, तेच प्रशिक्षण पुन्हा पुन्हा करावे लागत नाही. म्हणून अभ्यासक्रम निवडताना ही एक गोष्ट जरूर पाहावी. दुसरे, म्हणजे असोसिएशन ऑफ क्लिनिकल रिसर्च प्रोफेशनल्स या संस्थेचे कोऑर्डिनेटरांसाठीचे किंवा मॉनिटरांसाठीचे प्रमाणन, अथवा सोक्रा या संस्थेचे, हे अनुभवानंतरचे आहे. त्यातल्या पहिल्या संस्थेच्या परीक्षेला बसण्यासाठी सर्वसाधारणपणे ३,००० तासांच्या प्रत्यक्ष कामाचा पुरावा लागतो, विशिष्ट शिक्षण असल्यास त्यात काही सूट मिळते, आणि मिळालेले प्रमाणन ठरावीक काळाने टिकवावे लागते. ज्या मुलीने अजून एकाही रुग्णाशी संमतीविषयी बोलणे केलेले नाही तिला असले प्रमाणन कोणी महिन्याभरात देऊ करीत असेल तर त्याच्या दारात पाऊल टाकू नये.

ई६ च्या जुन्या तत्त्वांत म्हटले आहे की चाचणीतली प्रत्येक व्यक्ती आपल्या कामासाठी शिक्षण, प्रशिक्षण आणि अनुभव या तिन्हींनी पात्र असली पाहिजे. प्रमाणपत्र यांतल्या फक्त मधल्या शब्दाची साक्ष देते. हे मी तिला सांगितले तेव्हा ती थोडी हिरमुसली, कारण तिला सरळ पत्ता हवा होता. मग मी तिला म्हटले, विनामूल्य अभ्यासक्रम या आठवड्यात पूर्ण कर, २०१९ चे नियम मूळ राजपत्रातून वाच, आणि कोणत्याही केंद्रात मिळेल ते कनिष्ठ काम घेऊन वर्षभर फक्त संमतीच्या बैठकींना मागे उभी राहून ऐक.

नियम मूळातून वाचावेत असे मी म्हणते त्याला कारण आहे. कमिटीवर आल्यानंतरच्या पहिल्या वर्षी एका चाचणीतील वृद्ध सहभागी घरी पाय घसरून पडले आणि दुसऱ्याच एका नर्सिंग होममध्ये दोन दिवस दाखल झाले. केंद्रातील कर्मचाऱ्यांना वाटले की पडण्याचा औषधाशी काय संबंध, म्हणून ती नोंद पुढच्या नियमित भेटीपर्यंत राहून गेली. कोणाचा हेतू वाईट नव्हता आणि त्या सर्वांकडे प्रमाणपत्रे होती. पण रुग्णालयात दाखल व्हावे लागणे ही व्याख्येनेच गंभीर प्रतिकूल घटना ठरते, आणि संशोधकाने ती घडल्यापासून २४ तासांच्या आत केंद्रीय परवाना प्राधिकारी (चाचणीला परवानगी देणारा सरकारी अधिकारी), प्रायोजक आणि एथिक्स कमिटी या तिघांना कळवावी लागते. संबंध आहे की नाही याचे विश्लेषण त्यानंतर, १४ दिवसांच्या आत. आधी संबंध ठरवून मग कळवायचे, असा उलटा क्रम लावला की नेमकी तीच घटना दडून राहते जिचा संबंध कोणालाच सुचलेला नव्हता. औषधाने रक्तदाब उतरून ते घसरले असतील, हे कोणी पाहिले होते? त्या बैठकीत हा प्रश्न मी विचारला, आणि सदस्य म्हणून तो माझा पहिला उपयोगी प्रश्न होता असे मला वाटते.

मृत्यू झाल्यास भरपाईची रक्कम कशी ठरते तेही मी तेव्हाच शिकून घेतले. आठ लाखांची मूळ रक्कम, तिला वयाचा घटक आणि जोखमीचा घटक यांनी गुणायचे, आणि ९९.३७ ने भागायचे. जोखमीचा घटक मरणासन्न रुग्णासाठी अर्धा, तर निरोगी स्वयंसेवकासाठी चार असतो. पासष्टीपुढे वयाचा घटकही ९९.३७ च असल्याने त्या वयाच्या निरोगी स्वयंसेवकासाठी हे गणित बत्तीस लाखांवर येते. माणसाच्या मृत्यूपुढे असे सूत्र लिहिताना हात थबकतो, तरीही सूत्र नव्हते त्या काळापेक्षा ते असणे बरे, असे माझे मत आहे. निदान कुटुंबाला कोणाच्या दयेवर अवलंबून राहावे लागत नाही.

या वेळी परीक्षेसाठी मी मुद्दाम नवी आवृत्ती वाचली. आयसीएचने ६ जानेवारी २०२५ रोजी ई६ ची तिसरी आवृत्ती अंतिम केली, त्यात तेरा तत्त्वांची अकरा झाली आहेत आणि चाचणीच्या आराखड्यातच गुणवत्ता कशी गुंफावी यावर भर आहे. चाचणीतल्या माणसाला इंग्रजीत पूर्वी ‘सब्जेक्ट’, म्हणजे चाचणीचा विषय, म्हटले जाई; त्याला आता सहभागी म्हटले आहे. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाच्या नीतितत्त्वांच्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०२४ च्या आवृत्तीतही हाच बदल झाला. आपले २०१९ चे नियम अजून जुनाच शब्द वापरतात. आमच्या कमिटीच्या मराठी कागदांत मात्र आम्ही पहिल्यापासून ‘सहभागी’ लिहीत आलो आहोत.

माझ्या सूचनेवरून आमच्या कमिटीत एक प्रथाही सुरू झाली आहे. नव्या चाचणीचा प्रस्ताव आला की जो कोऑर्डिनेटर प्रत्यक्ष रुग्णाशी बोलणार आहे त्याला आम्ही बैठकीत बोलावतो, त्याची प्रमाणपत्रे फाइलमध्ये आहेत याची खात्री करतो, आणि मग मी त्याला सांगते की मला रुग्ण समजा आणि हे सगळे मला मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगा. मागच्या बैठकीत एका तरुणाने बावीस मिनिटे घेतली. मध्ये तो दोनदा थांबला, मला काय कळले ते मलाच सांगायला लावले, आणि दुसऱ्या वेळी माझे उत्तर चुकले तेव्हा कागद बाजूला ठेवून त्याने तो भाग पुन्हा पहिल्यापासून समजावला. त्याच्या संमतीपत्रात आम्ही दोन शब्द बदलायला सांगितले आणि प्रस्ताव मंजूर केला.